फॉर्मवरचं विद्यापीठ आणि इंटर्नच्या हातात पडलेलं पहिलं काम

वाळूजचा_क्वालिटीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. वीसेक वर्षं झाली. दुचाकीचे ॲल्युमिनियमचे पार्ट, प्रेशर डाय कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू दाबानं साच्यात भरायचं काम. दर वर्षी जानेवारीपासून शेवटच्या वर्षाची पोरं इंटर्नशिपला येतात. कोण कुठं बसणार, कुणाच्या हाताखाली जाणार हे एचआरचे साहेब आणि मी मिळून ठरवतो. म्हणजे खाली जे सांगतोय त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करतो.

मागच्या खेपेला दोघं आले. एक पुण्याच्या नावाजलेल्या खाजगी विद्यापीठाचा, दुसरा आपल्याच भागातल्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजचा. दोघंही मेकॅनिकल. साहेबांनी दुसऱ्या फॉर्मवर विद्यापीठाच्या रकान्यात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' एवढं वाचलं आणि म्हणाले, "हा आपल्या इथल्या विद्यापीठाचा. रात्री घरात बसून पेपर लिहिले होते ना, तेच." ती २०१७ च्या मे महिन्यातली बातमी. परीक्षा झाल्यावर अभियांत्रिकीचे पेपर संभाजीनगरात एका घरी बसून पुन्हा लिहिताना पोरं सापडली होती. सगळीकडं गाजलं होतं. हा पोरगा तेव्हा शाळेत होता.

आणि ते विद्यापीठ, म्हणजे संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, त्याचं नव्हतंच. पुढं स्पष्ट लिहिलं होतं, 'तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे'. ते रायगड जिल्ह्यात. २०१७ पासून मराठवाड्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याला जोडली गेलीत. दोन्ही विद्यापीठांच्या नावात बाबासाहेब आहेत, म्हणून एकाचा डाग दुसऱ्याच्या पोराला लागला. मी साहेबांना तसं सांगितलंही. "बरं, असेल," म्हणाले. पण तोवर ठरलं होतं, आणि मीही पुढं काही बोललो नाही.

पुण्याचा पोरगा नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटला गेला. कस्टमरसोबतच्या मीटिंगा, कंट्रोल प्लॅन, ट्रायलचे रिपोर्ट. आपला पोरगा फायनल इन्स्पेक्शनला. रिजेक्शनच्या ट्रॉलीतले पार्ट मोजायचे, दोषावर लाल मार्करनं खूण करायची, रजिस्टर भरायचं. चार महिने तेच.

शेवटच्या आठवड्यात तो रिपोर्टवर सही घ्यायला आला. हातात रिपोर्टसोबत एक शंभर पानी वही होती, पुठ्ठा तेलानं काळा झालेला. सहज चाळली. प्रत्येक पानावर तारीख, पाळी, मशीन नंबर आणि दोषाचं नाव. कोल्डशट, ब्लोहोल, सोल्डरिंग. आणि समासात बारीक अक्षरात वेळ. सात दहा. सात चोवीस. सात एकतीस. आमच्या रजिस्टरला वेळेचा रकानाच नाही. त्याला कुणी वेळ लिहायला सांगितली नव्हती.

सात नंबरच्या मशीनवरचे कोल्डशट जवळजवळ सगळे पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या पाऊण तासातले होते, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत सगळ्यात जास्त. या लाइनीत नसलेल्यांसाठी सांगतो: डाय, म्हणजे साचा, थंड असली की आत गेलेला धातू साचा पूर्ण भरायच्या आधीच थिजायला लागतो. दोन बाजूंनी येणारे प्रवाह भेटतात पण एकजीव होत नाहीत. पार्टवर केसासारखी रेघ दिसते, आणि पार्ट तिथंच कमजोर असतो. साच्यात एकदा धातू मारला की तो एक शॉट. म्हणून सुरुवातीचे शॉट डाय तापवायला मारायचे आणि सरळ वितळवायला परत टाकायचे. किती टाकायचे हे आमच्या कागदावर आहे. पण टार्गेटच्या घाईत सकाळी दोन-तीन शॉट टाकून माल चालू व्हायचा. हा पोरगा आपली बस सोडून पहिल्या गाडीनं येऊन मशीनशेजारी उभा राहायचा आणि शॉट मोजायचा. तेही वहीत होतं.

मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

म्हणाला, "सर, मला कुठल्या मीटिंगला बोलावलंच नाही."

पुण्याच्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. हुशार होता, जे दिलं ते मन लावून केलं. पण आता दोघंही मुलाखतीला जातील. एक सांगेल 'मी नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटवर होतो', दुसरा सांगेल 'मी रिजेक्शन मोजत होतो'. समोरचा माणूस म्हणेल, बघा, नावाजलेल्या विद्यापीठाची पोरं किती तयार असतात. नाव बघून आम्ही काम दिलं, कामामुळं ते शिकले, आणि त्या शिकण्याचं श्रेय परत नावालाच गेलं. हे चक्र मी वीस वर्षं स्वतःच्या हातानं फिरवत आलोय आणि ते मला त्या वहीमुळं दिसलं.

तुमच्या क्षेत्रात काय होतं? इंटर्न घेणाऱ्यांनी लिहा, इंटर्न म्हणून गेलेल्यांनीही लिहा.

---

परळीची_चाकणात

दादा, मनापासून लिहिलंत. पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, तिथलंही ऐका.

मी मूळची परळीची, चाकणला एचआरमध्ये आहे. आमच्याकडं सहा जागांना चारशेच्या वर अर्ज येतात. एका अर्जाला दोन मिनिटं दिली तरी तेरा तास होतात, आणि इंटर्न हे माझ्या दहा कामांतलं एक काम. कुठलीतरी चाळणी लावावीच लागते, आणि सगळ्यात स्वस्त चाळणी कॉलेजचं नाव. बरोबर आहे असं म्हणत नाही, कसं घडतं ते सांगते.

दुसरं, नाव म्हणजे नुसती पोरांची गुणवत्ता नसते. त्या कॉलेजचं ऑफिस कसं वागतं तेही असतं. काही कॉलेजांना मेल केला की त्याच दिवशी परवानगीचं पत्र, विम्याचा कागद, गाइडचं नाव हजर. गेल्या वर्षी आपल्याच भागातल्या एका कॉलेजला विम्याच्या कागदासाठी चार मेल केले, फोन केले. 'बाबू रजेवर आहेत.' पोरगी चांगली होती. विम्याशिवाय मी तिला शॉपफ्लोअरवर पाय ठेवू देऊ शकत नाही. आठ दिवस वाट बघून जागा दुसऱ्याला दिली. पुढच्या वर्षी त्या कॉलेजचा अर्ज बघताना माझ्या डोक्यात ती पोरगी येत नाही, तो रजेवरचा बाबू येतो. हे मला स्वतःला आवडत नाही, पण खरं आहे.

---

वाळूजचा_क्वालिटीवाला

ताई, हे पटलं. चारशे अर्जांत चाळणी लागणारच. माझं दुखणं चाळणीच्या पुढचं आहे. जो आत आलाय, गेटपास मिळालाय, त्याला पहिलं काम देताना तरी फॉर्म बाजूला ठेवता येईल की नाही? तिथं चारशे नसतात, दोनच असतात.

---

बीडचा_मास्तर

मी पदवी-पदव्युत्तर कॉलेजात शिकवतो. तुमच्या धाग्यावर कंपन्यांना बोलून झालं, आता आमच्या बाजूचंही कुणीतरी बोललं पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणानं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षात चार क्रेडिटचं, म्हणजे हिशोबानं १२० तासांचं. बीएलाही आहे. कल्पना उत्तम आहे. पण बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात एमए मराठीच्या चाळीस मुलामुलींना १२० तास कुठं पाठवायचं? वर्तमानपत्राचं कार्यालय एक, छापखाने दोन, बँक, पतसंस्था, ग्रंथालय. दहाजणांची सोय होते. उरलेले तीस जण ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आणतात. तारखा सगळ्यांच्या एकच, मजकूर एकच, फक्त नाव बदललेलं. आणि आम्ही ते फाइलला लावतो. मीही लावलंय.

असलं प्रमाणपत्र घेऊन आमचा विद्यार्थी बाहेर जातो. मुलाखतीत 'तिथं काय केलंस' विचारलं की त्याच्याकडं सांगायला काही नसतं. त्याच कॉलेजातली दुसरी मुलगी रोज ग्रंथालयात जाऊन जुन्या पुस्तकांची दाखल नोंदवही तपासत होती, फाटलेली पुस्तकं वेगळी काढत होती, वाचकांना शोधून देत होती. तिचं प्रमाणपत्रही तसंच दिसतं. बघणाऱ्याला फरक कसा कळावा? तो दोघांनाही एकाच पारड्यात टाकतो. नाव खराब करण्यात आमचाही वाटा आहे, तो झाकून नुसतं पुण्या-मुंबईच्या लोकांना बोल लावता येणार नाही.

---

खंडपीठातला_ज्युनिअर

वकिलीतलं सांगतो. आमच्याकडं हा भेद पहिल्या दिवशीच चेंबरमध्ये खुर्ची कुठं मिळते त्यावरून दिसतो.

संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१७ ला आलं. त्याच्या आधीपासून गावात जुनी लॉ कॉलेजं आहेत, आणि औरंगाबाद खंडपीठातले निम्मे वकील तिथूनच आलेले असतील. तरी इंटर्न घेताना राष्ट्रीय विधी विद्यापीठ म्हटलं की सीनिअर लॅपटॉप उघडायला सांगतात, "जरा हे पिटिशन ड्राफ्ट कर बेटा." जुन्या कॉलेजचा पोरगा आला की त्याला फायलिंगला पाठवतात. पेजिनेशन कर, सर्टिफाइड कॉपी आण, बोर्ड बघून ये.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडं दोघं होते. ती मुलगी दिल्लीकडची, विधी विद्यापीठाची. पोरगा गेवराईकडचा, जुन्या कॉलेजचा. जालन्याकडची जमिनीची मॅटर होती, कुळाचा हक्क. मुलीनं रात्र जागून सुंदर ड्राफ्ट केला. भाषा चोख, निवाडे ताजे. पण सगळा पाया घातला होता १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यावर, कलम ३२-जी. सीनिअर कोर्टात होते. ड्राफ्ट पोराकडं आला पानांना नंबर टाकायला. त्यानं पहिलं पान वाचलं आणि थांबला.

"मॅडम, ही जमीन मराठवाड्यातली आहे. इथं १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागतो. आपल्याला कूळ मालक झाल्याचं ३८-ई चं प्रमाणपत्र शोधायला पाहिजे."

आपला भाग निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, म्हणून आपले जमिनीचे कायदे, नोंदी, शब्द सगळं वेगळं. खासरा पत्रक काय, जुन्या फायलीतले उर्दू कागद काय. त्या पोराच्या घरी स्वतःच्या शेताचा खटला दोन पिढ्या चाललेला, त्यामुळं त्याला हे तोंडपाठ. त्यानं त्या मॅटरचीच फाइल काढून खासरा पत्रकाची नक्कल दाखवली, कुळाचं नाव कुठं लिहिलेलं असतं ते बोट ठेवून दाखवलं. ती मुलगी दिलदार. सीनिअर आल्यावर तिनं स्वतः सांगितलं, ही चूक यानं पकडली. मग दोघांनी मिळून ड्राफ्ट नव्यानं केला. तिनं त्याला निवाडे कसे शोधायचे ते शिकवलं.

ती फाइल पानांना नंबर टाकायला त्याच्याकडं गेली नसती, तर तशीच कोर्टात गेली असती.

---

नागसेनवन

मी हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. सगळे नावाबद्दल बोलताय, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही.

माझी एमएस्सी आपल्या मराठवाडा विद्यापीठातून, केमिस्ट्री. इंटर्नशिपसाठी बाहेरच्या एका कंपनीत मुलाखत होती. समोरच्यांनी माझा बायोडाटा हातात घेतला, विद्यापीठाचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं, माझं आडनाव वाचलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "तिकडं ॲडमिशन सगळी कोट्यातूनच होतात का?" टायट्रेशनबद्दल नाही, मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राबद्दल नाही. मी म्हटलं, "सर, मी प्रवेश परीक्षेच्या मेरिटनं आले, आणि कोट्यातून आले असते तरी एचपीएलसीचा कॉलम मीच चालवला असता." जागा मिळाली नाही. नंतर दुसरीकडं मिळाली.

विद्यापीठ सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांनी इथं १९५० ला मिलिंदचं कॉलेज काढलं, मराठवाड्यात विद्यापीठ व्हावं म्हणून ते बोलत राहिले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर इथल्या वस्त्या पेटल्या. माणसं मेली, लोकांना गावं सोडावी लागली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. माझे वडील अजून दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जातात. माझ्या पदवीवर ते नाव आहे याचा त्यांना किती अभिमान आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं 'त्या विद्यापीठाची प्रतिमा चांगली नाही', तेव्हा मी विचारते, नेमकं काय चांगलं नाही? निकाल वेळेवर लागत नाहीत, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, लॅबमधलं यंत्र बंद पडलंय, असं असेल तर मी पहिली भांडेन, भांडलेय. पण बऱ्याचदा समोरच्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला नाव माहीत असतं आणि नावावरून तो माझी जात ओळखतो. यालाही तो 'प्रतिमा'च म्हणतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही.

---

वाळूजचा_क्वालिटीवाला

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. आमच्या साहेबांनी फॉर्मवर तेवढेच तीन शब्द वाचले आणि पुढचं वाचलं नाही, हे मी वर गैरसमज असल्यासारखं लिहिलं होतं. तो नुसता गैरसमज होता की आणखी काही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आता विचारला. उत्तर मला आवडलं नाही.

---

परभणीकर_रावे

आमच्याकडं उलटं घडतं, ते सांगतो, थोडं हलकं वाटेल.

मी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. बीएस्सी ॲग्रीला शेवटच्या वर्षात 'रावे' असतं, ग्रामीण कृषी कार्यानुभव. गावात राहायचं, एका शेतकऱ्यासोबत काम करायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची. म्हणजे आमची इंटर्नशिप शेतकऱ्याकडं, आणि परीक्षा घेणारा तोच.

गावात गेलो तर सगळे 'विद्यापीठाची पोरं आली' म्हणायचे. घरी जेवायला बोलवायचे. मला वाटलं आपण काहीतरी मोठे. मग एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "परभणीनं आम्हाला नांदेड ४४ दिला बाबा. त्या कापसावर माझ्या पोरींची लग्नं झाली." हा मान आमचा नव्हता. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं तो वाण काढला तेव्हा आमचा जन्मही नव्हता. भेंडीची परभणी क्रांती, बदनापूरची तूर, असं आधीच्या लोकांनी राबून ठेवलेलं पुण्य आम्ही खात होतो.

मान मिळाला तसं ओझंही आलं. मी ज्यांच्याकडं होतो त्या काकांनी घरचंच सोयाबीन बियाणं ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी उगवण तपासू. त्यांना वेळ नव्हता, पाऊस डोक्यावर आलेला. "विद्यापीठाचा हाय म्हणून ऐकतो," म्हणाले. ओलं गोणपाट अंथरलं, दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे मोजून ठेवले, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी काकू, त्यांची दोन नातवंडं आणि मी, सगळे खाली बसून मोजायला लागलो. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेलं की एकरी बियाणं वाढवावं लागतं. काका गप्प बसले. मळणी यंत्रावर जोरात फिरवल्यानं सोयाबीनचं टरफल फुटतं, ते वरून दिसत नाही. त्यांनी अर्धं बियाणं बदललं, उरलेल्याचं प्रमाण वाढवलं.

तिथं जर मी गोणपाट न अंथरता चार्टवर उगवणक्षमतेचं चित्र काढून फोटो मारला असता, तर पुढच्या वर्षीच्या पोरांना त्या घरी पाणीसुद्धा मिळालं नसतं. तसं झालेली गावंही आहेत.

---

अंबाजोगाईचा_इंटर्न

डॉक्टरकीत विद्यापीठाचा प्रश्नच नाही. १९९८ पासून राज्यातली मेडिकल कॉलेजं, अभिमत विद्यापीठांची सोडली तर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आली. पुण्याचं सरकारी कॉलेज, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, पदवीवर नाव एकच. मग लोक विचारतात, "इंटर्नशिप कुठं केलीस?" घाटी म्हटलं की समोरचा धरून चालतो, याचा हात बसलेला असणार, कारण तिथं मराठवाडाभरातून पेशंट येतो. अंबाजोगाई म्हटलं की साप, विंचू, विषबाधा, डिलिव्हरी बघितलेली असणार. नाव गळून पडलं की माणसं कामाचं विचारतात, एवढंच माझं निरीक्षण. बारा महिन्यांत किती टाके घातले, किती डिलिव्हरी केल्या, ते लॉगबुकात असतं.

---

लातूरची_आई

लातूर पॅटर्नचं नाव घ्यावंसं वाटतं. बारावीपर्यंत आमचं लेकरू 'लातूरचं' म्हणून सगळीकडं कौतुक. पुण्याहून, सोलापूरहून पालक इथं खोल्या घेऊन राहतात पोरांना शिकवायला. त्याच लेकरानं घरच्या परिस्थितीमुळं इथंच इंजिनिअरिंग केलं, आणि चार वर्षांनी इंटर्नशिपला गेलं तर 'मराठवाड्याचं आहे, इंग्रजी जमेल का' असं विचारलं. पोरगं तेच, गाव तेच. मला याचं उत्तर कुणी द्यावं.

---

थर्डइयर_नांदेड

सगळ्यांना नमस्कार. मी नांदेडहून लिहू लालो. सगळा धागा वाचला. तीन प्रश्न आहेत.

एक, आमच्या कॉलेजच्या नावाचं छोटं रूप पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेसारखंच आहे. सीनिअर सांगू लालेत की बायोडाटावर फक्त ती अक्षरं लिही, गावाचं नाव टाकू नको, फोन येतो. खरंच येतो. एका सीनिअरला आला, पण मुलाखतीत 'पुण्यात कुठं राहता' विचारल्यावर त्याची बोबडी वळली. काय करावं?

दोन, पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत अर्ज करावा का? त्यात आयआयटी, आयआयएमवाले येत नाहीत म्हणे, म्हणजे आमच्यासारख्यांना जागा असेल.

तीन, वाळूजच्या सरांना विचारायचं होतं, पण ते शेवटी विचारतो.

---

परळीची_चाकणात

पहिल्याचं मी सांगते. गावाचं नाव लिही. लपवलेलं कळलं की मुलाखत घेणाऱ्याचा पहिला विचार असतो, 'याने अजून काय लपवलंय?' मी स्वतः असे अर्ज बाजूला ठेवलेत. त्यापेक्षा कॉलेजच्या नावाखाली दोन ओळी लिही, तू हातानं काय केलंस त्याच्या. 'कॉलेजच्या वर्कशॉपमधली बंद लेथ चालू केली, बेअरिंग बदललं' अशी एक ओळ असली तर मी कॉलेजचं नाव परत वर जाऊन बघत नाही. आणि कॉलेजच्या ऑफिसला आत्ताच विचार, विम्याचं पत्र किती दिवसांत देता. ते तू लिहून मेलसोबतच पाठवलंस तर चारशेतले निम्मे तिथंच मागं पडतात.

---

बीडचा_मास्तर

दुसऱ्याचं उत्तर. बेटा, ती योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाचे नियम असे होते: वय २१ ते २४, मोठ्या ५०० कंपन्या, महिना पाच हजार, त्यातले साडेचार हजार सरकारचे. पूर्ण वेळ शिकणाऱ्याला त्यात येता येत नव्हतं. तू थर्ड इयरला आहेस, म्हणजे त्या नियमानं नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नव्हती, ती पदवीनंतर बघ. पदवी झाल्यावर अप्रेंटिसशिपचाही मार्ग आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान नऊ हजार होते आणि निम्मा वाटा सरकार कंपनीला परत देत होतं. अर्ज करायच्या दिवशीचे आकडे पोर्टलवर बघून घे. आत्ता तुझ्यासाठी कॉलेजमार्फत जाणारी इंटर्नशिपच खरी.

---

वाळूजचा_क्वालिटीवाला

सगळ्यांचं वाचलं. लातूरच्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, फक्त लाज आहे, कारण 'इंग्रजी जमेल का' हे वाक्य मी स्वतः वापरलंय.

आमच्याकडं काय बदललं ते सांगतो. सात नंबरचं प्रकरण वहीसकट प्लँट हेडना दाखवलं. आता पाळी सुरू होताना वॉर्मअपचे शॉट ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर दोघांच्या सहीनं मोजले जातात. रजिस्टरला वेळेचा रकाना छापून घेतला. पोराला बोलावून प्लँट हेडनी त्याच्या रिपोर्टला एक पान जोडलं, त्यानं काय शोधलं आणि त्यामुळं काय बदललं ते लिहून, स्वतःच्या सहीनं. त्याला त्याचा उपयोग झाला, तो सध्या शेंद्र्याला एका कंपनीत अप्रेंटिस आहे.

इंटर्नचं असं ठरवलंय की यापुढं पहिले पंधरा दिवस सगळे रिजेक्शनच्या ट्रॉलीवर. कुणी कुठूनही येवो. पंधराव्या दिवशी प्रत्येकानं दहा मिनिटं सांगायचं, ट्रॉलीत काय दिसलं. त्यावरून पुढचं काम. साहेब आधी कुरकुरले, "नावाजलेल्या विद्यापीठाची पोरं नाराज होतील." मी म्हटलं, होऊ द्या. ट्रॉलीत कंपनीचं सगळं दुखणं असतं, तिथून सुरुवात झाली तर कुणाचंच नुकसान नाही. नागसेनवन ताईंचा प्रतिसाद मी साहेबांना मोबाइलवर वाचायला दिला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी इंटर्नच्या यादीत विद्यापीठाचा रकाना काढून ती यादी माझ्याकडं आली.

थर्डइयर, तुझा तिसरा प्रश्न राहिला.

---

थर्डइयर_नांदेड

सर, तेच विचारायचं होतं. पुढच्या जानेवारीत तुमच्याकडं येता येईल का? ओळखीनं नाही, रीतसर. इंग्रजी मोडकं आहे, पण वही लिहीन.

---

वाळूजचा_क्वालिटीवाला

कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडून ऑक्टोबरमध्ये अर्ज येऊ दे, तेव्हा आम्ही यादी घेतो. निवड माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण अर्ज वाचला जाईल एवढं नक्की. सोबत बोनाफाइड, आधार आणि परळीच्या ताईंनी सांगितलेलं विम्याचं पत्र. नांदेडहून रोज जमणार नाही, राहण्याची सोय आधी बघ. इथल्या वाळूजजवळच्याच पंढरपुरात, बजाजनगरात पोरं खोल्या करून राहतात, तीन-चारजण मिळून परवडतं. पहिली पाळी सातची असते. सेफ्टी शूज कंपनी देते, पण पहिले दोन दिवस मापाचे मिळत नाहीत, तर जाड तळव्याचे बंद बूट घेऊन ये. वही मात्र तुझी तू आण.